साल

आमच्या छापखान्यातल्या मोठ्या यंत्राच्या कपाळावर पत्र्याची एक पट्टी चार स्क्रूंनी पक्की बसवलेली होती. पिवळ्यावर काळी इंग्रजी अक्षरं. अक्षरओळख नुकती झालेली, दिसेल ते वाचायची हौस. संपिगे रोडवरच्या पाट्या वाचून संपल्यावर मी या पट्टीकडे वळले. अक्षरं लागली, अर्थ लागेना. आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "यंत्राचं नाव-गाव लिहिलंय. हरवलं तर कुणीतरी आणून सोडायला पाहिजे की." एवढं अवाढव्य यंत्र हरवेल कसं, हा प्रश्न मला पडला नाही. हायस्कुलात गेल्यावर एक दिवस सहज नजर गेली आणि अर्थ उलगडला. हे यंत्र अमुक वित्तसंस्थेकडे गहाण आहे, एवढंच तिथे लिहिलेलं होतं.

आजोबांनी अगदीच खोटं सांगितलं नव्हतं, हे कळायला मात्र आणखी बरीच वर्षं गेली.

घर बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये, आठव्या क्रॉसच्या आत. पुढे घर, मागे बोळाला लागून छापखाना. आजोबा बेळगावचे; तिथल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत मोठे झाले आणि तिशीच्या दशकात बंगळूरला आले. मराठी शेवटपर्यंत बेळगावचीच राहिली, 'पण'च्या जागी 'खरं' आणि वाक्याच्या शेपटीला 'की'. कामगार बहुतेक कानडी. फोरमनला आम्ही मेस्त्री म्हणायचो. ते तुमकूरकडचे, आजोबांना 'यजमान्रे' म्हणायचे आणि कंपोझिंग करताना कानडी कवी सर्वज्ञाची कर्जावरची त्रिपदी गुणगुणायचे. मालकासमोर म्हणायला जरा धीटच निवड.

या मेस्त्रींमुळे माझा एक घोळ झाला. दर सहामाहीला आजोबा धोतरावर कोट चढवून हप्ता भरायला जायचे. परत आले की मेस्त्री हात पुसत विचारायचे, "साल तीरिता?" मला वाटायचं, हे विचारताहेत साल संपलं का. जूनमध्ये कसं संपेल? कानडीत साल म्हणजे कर्ज. त्यातच प्रूफ वाचताना मेस्त्री ओळीवर बोट ठेवून 'ई सालु तप्पु' म्हणायचे. तिथे सालु म्हणजे ओळ. आणि आजी केळ्याचं साल गायीला घालायची. एका घरात एकाच शब्दाला वर्ष, कर्ज, ओळ आणि टरफल असे चार अर्थ. छापखानेवाल्याच्या बाबतीत यातले निदान तीन एकाच गोष्टीचे आहेत, असं मला आता वाटतं. तो ओळी जुळवतो, त्यातून कर्ज फेडतो आणि वर्षं मोजतो.

सोमवारी संध्याकाळी आजोबा मला काडु मल्लेश्वराला न्यायचे. काडु म्हणजे रान. या रानातल्या महादेवावरूनच वस्तीला नाव पडलं. शहाजीराजांकडे बंगळूरची जहागीर होती आणि त्यांचे धाकटे चिरंजीव, शिवाजीमहाराजांचे सावत्रभाऊ व्यंकोजी, यांनी या देवळाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिलं. तो शिलालेख १६६९ चा. आजोबांना त्याचा फार अभिमान. "राजानं दिलं ते दगडावर," ते म्हणायचे, "आम्हाला मिळालं ते पत्र्यावर." इनामाला मुदत नसते, तारण नसतं, पहिल्या हप्त्याची तारीख नसते. देवळातून उतरताना दर वेळी ते हेच बोलायचे, आणि मला ते राजाचं कौतुक वाटायचं. ती पट्टीबद्दलची तक्रार होती.

आजोबांच्या गोष्टींत राजे, पुढारी, चित्रकार सगळे यायचे, खरं प्रत्येकजण कुठून तरी कर्ज काढलेला असायचा. टिळकांची गोष्ट तर त्यांच्या अंगात भिनलेली. आर्यभूषण छापखाना सुरू करताना टिळक, आगरकर खिळ्यांच्या पेट्या खांद्यावरून वाहून नेत, हे ते असं सांगायचे की जणू एक पेटी यांच्याही खांद्यावर होती. पुढे भागीदारी मोडली. १८९१ च्या सुमारास 'केसरी' आणि 'मराठा' टिळकांकडे आले ते कर्जासकट, आणि छापखाना गेला दुसऱ्या भागीदारांकडे. इथे आजोबा थांबायचे. देशासाठी तुरुंगवास वगैरे पुढचा भाग ते दोन वाक्यांत उरकायचे. त्यांचं मन अडकलेलं असायचं या वाटणीत. "बघ, कर्ज एकाकडं, यंत्र दुसऱ्याकडं! यंत्राशिवाय कर्ज कोण घेतंय? टिळकच घेतील." राजकारणातल्या कुठल्याही धाडसापेक्षा त्यांना हे मोठं वाटायचं.

राजा रविवर्म्याची गोष्ट ते जरा नाराजीने सांगायचे. तंजावरकडच्या मराठी घराण्यातले सर टी. माधवराव यांनी रविवर्म्याला सुचवलं होतं की तुमच्या चित्रांना एवढी मागणी आहे, तुम्ही दोन हातांनी किती पुरवणार. ती युरोपातून छापून घ्या. चित्रकाराने त्यापुढे जाऊन १८९४ मध्ये मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला, जर्मन यंत्रं आणि जर्मन कारागीर आणून. मग मुंबईत प्लेग आला. छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला आणि थोड्याच वर्षांत, देण्याखाली वाकलेला, तिथल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला विकून टाकला. आजोबांच्या मते दोष कर्जाचा. हे मला अर्धंच पटतं. रंगीत शिळाछापात एकेका रंगाला वेगळा दगड लागतो. एका चित्रासाठी कितीतरी दगड रेखाटून होईपर्यंत विकायला काहीही हातात नसतं, आणि चित्र छापून झालं की ते खपेपर्यंत पैसा पुन्हा अडकतो. व्याजाला मात्र या वाट पाहण्याशी देणंघेणं नसतं. श्लायशरने तीच यंत्रं घेऊन चित्रांच्या जोडीला मालाची लेबलं आणि जाहिराती छापल्या, म्हणजे गिऱ्हाईक आधी ठरलेलं, कागद नंतर. छापखाना चालला. शकुंतलेपेक्षा साबणाच्या वेष्टनाने हप्ते जास्त नियमित फेडले जातात, हे आजोबांनाही मनातून माहीत होतं. आमच्याकडे कोण शकुंतला छापत होतं? लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, परीक्षेचे पेपर.

तो प्लेग पुढे रेल्वेने बंगळूरला पोचला, १८९८ साली. जुन्या पेठांमध्ये माणसं दाटीवाटीने राहत होती, तिथे तो झपाट्याने पसरला आणि त्यानंतर हवेशीर रस्त्यांची, आखीव क्रॉसांची मल्लेश्वरम आणि बसवनगुडी ही नवी उपनगरं भराला आली. म्हणजे ज्या साथीने रविवर्म्याचा छापखाना मुंबईतून हाकलला, तिनेच आमच्या छापखान्याचा बोळ आखून दिला. आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले नाहीत. साथीचे उपकार मानायची त्यांची तयारी नव्हती.

किर्लोस्करांची गोष्ट मात्र गावची, म्हणून तिला मीठमसाला जास्त. लक्ष्मणरावांना बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन दिली आणि वर दहा हजार रुपये कर्ज. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. दहा वर्षांनी त्या नांगराच्या कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' हे मासिकही निघालं. आजोबा बेळगावात वाचायला शिकले ते त्याच्या जुन्या अंकांवर. आणि १९४६ मध्ये रवि किर्लोस्करांनी बंगळूरला विजेच्या मोटरींचा कारखाना काढला, तो आमच्या मल्लेश्वरमच्या पश्चिमेला. कारखान्याबरोबर मराठी घरं आली, गणपती मोठा झाला, हळदीकुंकवाला आजीला नव्या मैत्रिणी मिळाल्या. आमच्या जुन्या ट्रेडल यंत्राची मोटरही तिथलीच होती.

औंधचे राजे स्वतः चित्रकार होते, त्यांना यंत्रापेक्षा माणूस वाचता येत असणार. खरं, म्हणजे पण, दर छापखान्याला एक राजा कुठून आणायचा? तोवर बँका होत्याच. विश्वेश्वरय्यांच्या पुढाकाराने १९१३ मध्ये म्हैसूर बँक निघाली होती. बँका कर्ज द्यायच्या ते गोदामातल्या मालावर. कागदाची रिमं दाखवा, तीन महिन्यांचे पैसे घ्या. यंत्रासाठी सातआठ वर्षांचं कर्ज ही त्यांच्या रीतीत न बसणारी मागणी होती. म्हणून स्वातंत्र्यानंतर सरकारच्या पुढाकाराने वेगळी घरं उभी राहिली. १९४८ मध्ये आयएफसीआय, १९५१ मध्ये राज्य वित्त महामंडळांचा कायदा, १९५५ मध्ये आयसीआयसीआय, १९६४ मध्ये आयडीबीआय. आमच्या म्हैसूर राज्यात महामंडळ आलं १९५९ मध्ये.

त्याआधी आमचा छापखाना आजीच्या वहीवर चालायचा. लाल कापडी पुठ्ठ्याची वही, त्यात नातेवाइकांच्या ठेवी. बेळगावची मावशी, धारवाडचे एक निवृत्त मास्तर, हुबळीची विधवा नणंद. व्याज दिवाळीला. मुद्दल कुणी मागायचं नाही अशी समजूत, आणि मागितलं की घरात दोन दिवस कुणी नीट जेवायचं नाही. या ठेवींना मुदत नव्हती, तारण नव्हतं. म्हणून त्या इनामासारख्या वाटायच्या. तशा त्या नव्हत्या. एका मुलीच्या लग्नाआधी मास्तरांनी पैसे मागितले तेव्हा आजीने पाटल्या विकल्या, आणि आजोबांनी ठरवलं की आता नात्यात कर्ज नको, कागदावर पाहिजे.

कागदावर कर्ज घ्यायचं तर आधी स्वतः कागदावर यावं लागतं. १९६० च्या सुमारास छापखाना प्रायव्हेट लिमिटेड झाला. आजोबा, आजी, काका असे तीन संचालक. नावापुढे 'लि.' लागलं त्याचा अर्थ काकांनी घरात समजावून सांगितला, की कंपनी बुडाली तरी आपलं घर सुरक्षित, देणं कंपनीपुरतं मर्यादित. आजीने पेढे केले. चार वर्षांनी यंत्राच्या कर्जाची कागदपत्रं आली, त्यात संचालकांची वैयक्तिक हमी होती आणि घराच्या हक्काचे मूळ दस्तऐवज तारण म्हणून ठेवायचे होते. आजीने विचारलं, "मग ते लिमिटेड काय झालं?" काकांकडे उत्तर नव्हतं. आजही छोट्या कंपन्यांना हाच अनुभव येतो. कर्ज लिमिटेडचं असतं, हमी स्वयंपाकघरापर्यंत जाते.

यंत्र पश्चिम जर्मनीतलं, हायडेलबर्गचं सिलिंडर. कागद हवेने उचलून आपोआप आत घेणारं. ट्रेडलवर दिवसभर हाताने कागद लावणाऱ्या पोरांनी ते पहिल्यांदा चालताना पाहिलं तेव्हा एकजण नमस्कार करून बाजूला झाला. काही रक्कम आधी रुपयांत भरलेली, उरलेली पाच वर्षांच्या हप्त्यांत मार्कमध्ये, वित्तसंस्थेच्या हमीवर. मार्क तेव्हा सव्वा रुपयाच्याही आत. शंभर मार्क म्हणजे एकशे एकोणीस रुपये. आजोबांनी तो आकडा भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवला होता.

६ जून १९६६. मी तेव्हा पहिलीत. घरातली सकाळ आठवते ती मोठ्यांच्या आवाजावरून, कारण आवाजच नव्हता. डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला होता. रुपयाचं मूल्य साडेछत्तीस टक्क्यांनी उतरवलं, असं सगळीकडे छापून आलं, आणि काका तेच धरून बसले की देणं तेवढंच वाढलं. आजोबांनी भिंतीजवळ जाऊन १.१९ खाली १.८७५ लिहिलं. रुपया साडेछत्तीस टक्के उतरला की त्याच मार्कसाठी मोजायचे रुपये साडेसत्तावन्न टक्के वाढतात. देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या टक्क्यांत एवढा फरक असतो, हे मी गणितात शिकले त्याआधी आमच्या भिंतीवर होतं. यंत्र तेच, छपाईचे दर तेच, लग्नपत्रिकांची संख्या तीच.

त्या वर्षी छापखाना रात्रपाळीत चालला. मुद्दाम सांगते, कुणी बुडालं नाही. हप्त्यांची मुदत दोन वर्षांनी लांबवून मिळाली, व्याज अर्थातच वाढलं, आणि मराठी पुस्तक छापायचं आजोबांचं एक जुनं स्वप्न कायमचं मागे पडलं. त्यासाठी मुंबईहून मागवलेले देवनागरी खिळे केसमध्ये तसेच राहिले.

त्या पडत्या काळात कर्ज देणाऱ्या संस्थेकडूनच छपाईचं एक काम मिळालं. गहाण यंत्रांवर लावायच्या सूचनापट्ट्यांचे कागदी नमुने, हजार प्रती. त्यावरून रंगवणारा पत्र्यावर अक्षरं काढणार. आजोबांनी मजकूर स्वतः जुळवला, मेस्त्रींनी प्रूफ पाहिलं, आणि ज्या यंत्रावर तसली पट्टी लागलेली होती त्याच यंत्रावर हजार प्रती निघाल्या. बिल वेळेवर मिळालं आणि थेट हप्त्यात वळतं झालं. मेस्त्री हे सांगताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे. आजोबांना त्यात विनोद दिसला नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की इंग्रजी टाइप जरा झिजलेला होता, काम हवं तसं उठलं नाही.

कर्जाबद्दल त्यांचा एक नियम मात्र मल्लेश्वरममधल्या सगळ्या छापखानेवाल्यांना पाठ होता. यंत्राचं कर्ज यंत्राने फेडायचं, कागदाचं कागदाने. गिऱ्हाईक पैसे तीन महिन्यांनी देतं. कागद, शाई, पगार यांसाठी बँकेची खेळती उचल असते. तिच्यातून यंत्राचा हप्ता एकदा भरला की पुढच्या महिन्यात कागदाला पैसे नसतात. कागद नाही तर काम नाही, काम नाही तर पुढचा हप्ता नाही. आमच्याच बोळातला एक छापखाना असा भर शाळांच्या हंगामात थांबला. ऑर्डरी होत्या, यंत्रं होती, कागद नव्हता. महामंडळांच्या कायद्यात एकोणतिसावं कलम आहे. थकबाकी झाली तर कोर्टात न जाता कारखाना ताब्यात घेता येतो. एका सकाळी त्या छापखान्याला कुलूप आणि सील दिसलं. आजोबा त्या दिवशी दुपारभर आमच्या यंत्राजवळ स्टूल टाकून बसले. यंत्र हरवू शकतं, ते हे असं.

सत्तरीच्या अखेरीस काकांना ऑफसेट हवं झालं. खिळे, फर्मा, ब्लॉक हे सगळं संपणार, हे त्यांना आधी कळलं आणि आजोबांना पटायला दोन वर्षं लागली. शेवटी त्यांनी होकार दिला तो एका अटीवर. कर्ज रुपयांत पाहिजे. जपानी यंत्र काकांच्या डोळ्यांत भरलेलं, किमतीतही बसत होतं. आजोबांनी भिंतीकडे बोट दाखवलं. मग यंत्र आलं एचएमटीचं, केरळातल्या कळमश्शेरीच्या कारखान्यातलं. कंपनी मूळची आपल्याच बंगळूरची, घड्याळवाली. छपाई जपान्याइतकी देखणी नव्हती, काका पुढे आयुष्यभर कुरकुरत राहिले. मात्र १९८५ नंतर येन भराभर चढला आणि येनमध्ये देणं असलेल्यांची काय दशा झाली ते त्यांनी ओळखीच्यांत पाहिलं. त्यानंतर कुरकुर चालू राहिली, फक्त आवाज खाली आला.

आजोबा १९८२ मध्ये गेले. ऑफसेटचं कर्ज फिटायला अजून सहा वर्षं होती. तोवर कॉम्प्युटरवर अक्षरं जुळायला लागली होती, पुण्याच्या कंपनीची श्री-लिपी पुढे कानडीतही आली, आणि मेस्त्रींच्या बोटांना काम उरलं नाही. ते तरीही रोज येत, खिळ्यांच्या केस पुसत. शेवटचा हप्ता कमी पडला तेव्हा काकांनी खिळे विकायला काढले. शिसं, अँटिमनी, कथील. भंगारवाला वजनावर घेतो, कानडी, इंग्रजी, देवनागरी असा भेद करत नाही. चाळीस वर्षं यंत्रांची किंमत हिशेबवहीत दर साल घसरत शून्याला आली होती आणि ज्याला कुणी मालमत्ता म्हणून मोजलंच नाही त्या शिशाने हप्ता भरला. देवनागरीचे खिळे पोत्यात ओतताना मेस्त्रींनी एक मूठ बाजूला काढली. काकांनी पाहिलं आणि पाहिलं नाहीसं केलं. आमच्या पुस्तकाचे खिळे एकदाही शाई न लागता गेले.

बेबाकीचं पत्र आलं, दोन ओळींचं. घराचे दस्तऐवज परत आले, आजीने ते तांदळाच्या डब्याखाली ठेवले, जिथे ते १९६४ पूर्वी असायचे. पट्टी काढायला मेस्त्री स्क्रूड्रायव्हर घेऊन गेले, खरं स्क्रू शाईने आणि गंजाने बसलेले. राहिली. नंतर यंत्र विकताना घेणाऱ्याने पट्टी पाहून तीन वेळा पत्र तपासलं, तेव्हा ती छिन्नीने उडवावी लागली.

कंपनी त्यानंतर काही वर्षांनी थंडावली. मागच्या वर्षी माझा भाचा, तो चार्टर्ड अकाउंटंट आहे, सहज म्हणून कंपनी निबंधकांच्या संकेतस्थळावर आजोबांच्या कंपनीचं नाव शोधत होता. सापडलं. त्यापुढे बोजाचा रकाना होता, आणि त्यात आमचं ऑफसेटचं कर्ज, रक्कम, तारीख, सगळं. स्थिती: कायम. कर्ज फिटल्यावर बोजा उतरवल्याचा एक फॉर्म कंपनीने भरायचा असतो. तो काकांनी भरलाच नव्हता. मेस्त्री आता नव्वदीला टेकलेत, पंधराव्या क्रॉसवर मुलीकडे असतात. त्यांना जाऊन सांगितलं. त्यांनी कानामागे हात धरला, "साल तीरिता?"

मी म्हटलं, घरात तीरलं, सरकारात नाही. भाचा म्हणतो अजूनही भरता येईल, खरं एवढा विलंब आधी सरकारकडून माफ करून घ्यावा लागेल, शुल्क लागेल, आणि संचालकाची सही. तिघांपैकी एकही संचालक हयात नाही.